मुलीच्या रिपोर्टमधलं ‘पीटीपीएन११’: एसएचपी२ हे एन्झाइम नेमकं करतं काय?

ताई, तुमचा प्रश्न मोठा आहे, तेव्हा उत्तरही लांबणार. इतर वाचणाऱ्यांसाठी आधी प्रश्नाचा गाभा सांगतो. तुमची मुलगी चार वर्षांची आहे. हृदयातून फुफ्फुसाकडे जाणाऱ्या वाहिनीची झडप किंचित अरुंद, उंची वयाच्या मानाने कमी, आणि जरा धडपडली की अंगावर काळेनिळे डाग. जनुकीय तपासणीत पीटीपीएन११ या जनुकात बदल सापडला: प्रथिनात ३०८व्या जागी अ‍ॅस्पॅराजीन असायचं, तिथे अ‍ॅस्पार्टिक आम्ल आहे, आणि हे जनुकाच्या दोनपैकी एकाच प्रतीत. निदान नूनान सिंड्रोम. मग तुम्ही नेटवर शोधाशोध केलीत आणि तीन गोष्टी वाचून हादरलात. हेच जनुक लहान मुलांच्या एका रक्ताच्या कर्करोगात बिघडलेलं असतं. पोटातला एक जंतू याच प्रथिनाला हाताशी धरून जठराचा कर्करोग घडवतो. आणि मोठमोठ्या औषध कंपन्या हे एन्झाइम बंद पाडायच्या मागे आहेत. मग मुलीला कर्करोग होणार का, ते औषध तिला मिळेल का, आणि हे आलं कुणाकडून, असे तुमचे प्रश्न.

थोडक्यात उत्तर आधी देतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल. तिच्यातला बदल आणि कर्करोगातले बदल एकाच जनुकातले असले तरी एकाच ताकदीचे नाहीत. कर्करोगाचा धोका इतर मुलांपेक्षा थोडा जास्त आहे, पण थोडाच, आणि ज्या रक्तविकाराची तुम्हाला भीती वाटते त्याचं मुख्य वय तिने मागे टाकलं आहे. ते औषध तिच्यासाठी नाही. आणि ‘कुणाकडून’ याचं उत्तर तपासणीशिवाय देता येत नाही, पण बऱ्याचदा ते ‘कुणाकडूनच नाही’ असं निघतं.

आता सविस्तर.

पीटीपीएन११ हे जनुक बाराव्या गुणसूत्रावर असतं आणि त्यावरून एसएचपी२ नावाचं ५९३ अमिनो आम्लांचं एन्झाइम बनतं. शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत ते असतं. त्याचं रासायनिक काम एका ओळीत मावतं: दुसऱ्या प्रथिनांवरच्या टायरोसिन या अमिनो आम्लाला चिकटलेला फॉस्फेट काढून टाकणं. हा फॉस्फेट म्हणजे पेशीतली खूण. पेशीच्या बाहेर वाढीचा एखादा संप्रेरक किंवा घटक येऊन ग्राहीला, म्हणजे पडद्यावरच्या निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, बसला की ग्राहीच्या आतल्या शेपटीवरच्या टायरोसिनांवर फॉस्फेट चढतात. ते चढवणाऱ्या एन्झाइमांना कायनेज म्हणतात, उतरवणाऱ्यांना फॉस्फेटेज. फॉस्फेट चढला की ती जागा इतर प्रथिनांना पकडीसारखी सापडते, ती येऊन बसतात, आणि निरोप आत सरकतो.

यावरून कुणालाही वाटेल की कायनेज निरोप सुरू करतं आणि फॉस्फेटेज तो थांबवतं. कॉलेजात आजही बऱ्याच ठिकाणी एवढंच शिकवून सोडून देतात, आणि एसएचपी२ समजून घेण्यात तीच पहिली अडचण ठरते. या एन्झाइमचं सख्खं भावंड म्हणावं असं एसएचपी१ आहे. ते मुख्यतः रक्तपेशींत असतं आणि खरोखरच पाठ्यपुस्तकाप्रमाणे वागतं, निरोप आवरतं. एसएचपी२ मात्र बहुतेक ठिकाणी निरोप पुढे ढकलतं. याचा पहिला ठोस सुगावा माणसात नाही, फळमाशीत लागला. १९९२ मध्ये हार्वर्डमधल्या नॉर्बर्ट पेरिमन यांच्या गटाने ‘कॉर्कस्क्रू’ नावाचं जनुक शोधलं. ते नसलं की माशीच्या भ्रूणाची टोकं नीट घडत नाहीत, कारण टोकांना घडवणारा कायनेजचा निरोप पुढे पोचतच नाही. या जनुकावरून बनणारं प्रथिन निघालं फॉस्फेटेज, आपल्या एसएचपी२चंच माशीतलं रूप. खूण पुसणारं एन्झाइम नसेल तर निरोप अडतो, हे तेव्हा फार विचित्र वाटलं होतं.

आता या एन्झाइमची घडण पाहू, कारण तुमच्या मुलीचा रिपोर्ट, रक्ताचा कर्करोग आणि नवी औषधं हे सगळं त्या घडणीतूनच उलगडतं. एसएचपी२चे तीन मुख्य भाग आहेत. पुढे लागोपाठ दोन एसएच२ भाग, फॉस्फेट लागलेलं टायरोसिन ओळखून त्याला धरणारे. त्यांच्यामागे कात्री चालवणारा उत्प्रेरक भाग. तिथे ४५९व्या जागेवरचं सिस्टीन फॉस्फेटवर झेप घेतं, क्षणभर तो स्वतःवर ओढून घेतं आणि मग पाणी तो सोडवतं. शेवटी एक सैल शेपटी.

१९९८ मध्ये या प्रथिनाची स्फटिकातली रचना प्रसिद्ध झाली आणि कोडं सुटलं. कुणी बोलावलेलं नसतं तेव्हा पहिला एसएच२ भाग मागे वळून उत्प्रेरक भागाच्या तोंडात आपली एक घडी खुपसून बसतो. कात्रीचं तोंडच बंद. दाराला स्प्रिंगची कडी असावी, सोडली की आपोआप लागणारी, तसं हे आहे. कडी उघडते कशी? फॉस्फेट लागलेलं टायरोसिन त्या पहिल्या एसएच२ भागाला येऊन बसलं की त्याचा आकार किंचित बदलतो आणि उत्प्रेरक भागाला चिकटणारी त्याची बाजू जुळेनाशी होते. ज्या प्रथिनावर अशी दोन टायरोसिनं योग्य अंतरावर असतात ते दोन्ही एसएच२ भागांना एकाच वेळी धरतं, आणि कडी जास्त पक्की उघडी राहते. थोडक्यात, हे एन्झाइम जिथे खुणा लागल्या आहेत तिथेच जातं आणि तिथे पोचल्यावरच उघडतं. जागा आणि चालू होणं एकाच क्रियेत बांधलेलं आहे. माझ्या मते मानवी पेशीतल्या सगळ्यात देखण्या युक्त्यांपैकी ही एक.

त्याला बोलावणाऱ्यांची यादी लांब आहे. सगळ्यात महत्त्वाचे गॅब१ आणि गॅब२. ही स्वतः काहीच न कापणारी, न जोडणारी, नुसती इतरांना जागा देणारी प्रथिनं. वाढीच्या घटकाने ग्राही जागी झाली की गॅब१वरच्या ६२७ आणि ६५९ या जागांच्या टायरोसिनांवर फॉस्फेट चढतात आणि एसएचपी२ तिथे दोन्ही हातांनी बसतं. फायब्रोब्लास्ट वाढघटकाच्या निरोपात हेच काम एफआरएस२ करतं, इन्सुलिनच्या निरोपात आयआरएस१. प्लेटलेटपासून निघणाऱ्या वाढघटकाची ग्राही तर एसएचपी२ला थेट आपल्या शेपटीवर बसवते.

बसल्यावर ते करतं काय? इथे एकच उत्तर नाही, आणि एकच उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. निरोपाच्या वाटेवर रास नावाचं प्रथिन आहे, ते चालू झालं की पुढे राफ, मेक, अर्क अशी साखळी चालते आणि पेशी वाढू लागते. रासला बंद करणारं रासगॅप हे प्रथिनही फॉस्फेट लागलेल्या टायरोसिनांवरच येऊन बसतं. एसएचपी२ नेमके तेच फॉस्फेट काढतं. म्हणजे ब्रेक लावणाऱ्याची बसायची जागाच काढून घेतं. दुसरी वाट सार्क या कायनेजची. त्याला गप्प करणाऱ्या सीएसके या एन्झाइमला पेशीच्या पडद्यापाशी आणणाऱ्या प्रथिनांवरचे फॉस्फेटही एसएचपी२ काढतं, मग सार्क मोकळं सुटतं. तिसरी, स्प्राउटीसारख्या निरोप मंदावणाऱ्या प्रथिनांवरची. कुठल्या पेशीत कुठली वाट जास्त वापरली जाते यावर अजून वाद आहेत. मात्र बहुतेक वाटांचा शेवट एकच: रास जास्त वेळ चालू राहतं.

नूनान सिंड्रोमकडे येतो. जॅकलिन नूनान या अमेरिकन बालहृदयरोगतज्ज्ञ. फुफ्फुसी झडप अरुंद असलेल्या काही मुलांचे चेहरे, उंची, छातीचा आकार एकमेकांसारखे आहेत हे त्यांच्या लक्षात आलं आणि १९६३ मध्ये त्यांनी अशा नऊ रुग्णांचं वर्णन केलं. कारण सापडायला २००१ उजाडलं, जेव्हा मार्को टार्टाग्लिया आणि ब्रूस गेल्ब यांच्या गटाने या रुग्णांत पीटीपीएन११मधले बदल दाखवले. साधारण दर १,००० ते २,५०० जन्मांमागे एक मूल नूनानचं असतं आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांत हेच जनुक बदललेलं असतं. उरलेल्यांत एसओएस१, राफ१, आरआयटी१ वगैरे. हे सगळे त्याच रासच्या वाटेवरचे सोबती, म्हणून या आजारांना एकत्रितपणे रासोपॅथी म्हणतात.

तुमच्या मुलीतला ३०८चा बदल हा या जनुकातला नूनानमध्ये सर्वाधिक दिसणारा. ही जागा उत्प्रेरक भागात आहे, पण जिथे पहिला एसएच२ भाग येऊन चिकटतो त्या सीमेच्या जवळ. तिथे पकड थोडी ढिली झाली आहे. कडी लागते, पण सैल लागते. बोलावणं नसतानाही ती अधूनमधून उघडते, आणि बोलावणं आल्यावर जरा लवकर उघडते. दोनपैकी एका प्रतीतून बनणारी एन्झाइमं अशी आहेत, दुसऱ्या प्रतीतली नेहमीसारखी. ‘एकच प्रत बिघडली तर दुसरी भरून का काढत नाही’ असं तुम्ही विचारलंत. एन्झाइम कमी पडत असतं तर दुसरीने भरून काढलं असतं. इथे काम कमी झालेलं नाही, जास्त होतंय, आणि जास्त झालेलं काम दुसरी प्रत परत घेऊ शकत नाही.

गर्भात हृदयाच्या झडपा ज्या उशीसारख्या ऊतींपासून घडतात, तिथे अर्कचा निरोप थोडा जास्त वेळ चालला की झडपेची पानं जाड राहतात. नूनानमधली फुफ्फुसी झडप नुसती चिकटलेली नसते, पुष्कळदा जाडसर आणि बेढब असते. म्हणूनच जिथे उपचार लागतो तिथे फुग्याने झडप उघडण्याचा उपाय या मुलांत इतरांइतका खात्रीचा नसतो. तुमच्या इको रिपोर्टप्रमाणे अरुंदपणा सौम्य आहे. असे सौम्य प्रकार पुष्कळदा वर्षानुवर्षं तसेच राहतात, फक्त हृदयतज्ज्ञांनी सांगितलेल्या अंतराने इको चुकवायचा नाही.

उंचीचं गणित आणखी मजेशीर आहे. या मुलांत ग्रोथ हॉर्मोन सहसा कमी नसतं. ते ग्राहीला बसतं, पण पुढे त्याच्या सांगण्यावरून बनणारं आयजीएफ१ हे वाढीचं दुसरं संप्रेरक कमी बनतं. एसएचपी२ हॉर्मोनच्या निरोपातली एसटीएटी५ या प्रथिनाची वाट दाबतं आणि वाजवीपेक्षा जास्त चाललेलं अर्कही आयजीएफ१ बनण्याच्या आड येतं. म्हणजे वाढ ढकलणाऱ्या रासच्या वाटेचा अतिरेक मुलीची उंची मात्र रोखतो. ‘एन्झाइम जास्त चालू, मग वाढ जास्त’ असं सरळ गणित माणसाच्या शरीरात चालत नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००७ मध्ये नूनानमधल्या ठेंगणेपणासाठी ग्रोथ हॉर्मोनला मान्यता दिली. पीटीपीएन११मध्ये बदल असलेल्या मुलांत प्रतिसाद थोडा कमी मिळू शकतो, तरी उपयोग होतो. हृदयाचा स्नायू जाड नाही ना हे पाहूनच ते सुरू करतात. तिची उंची नेहमीच्या तक्त्यावर मांडून दुःखी होऊ नका. नूनानच्या मुलांसाठी वेगळे वाढीचे तक्ते आहेत, बालरोगतज्ज्ञांना ते वापरायला सांगा.

काळेनिळे डाग हलक्यात घेऊ नका, असं मी प्रत्येक पालकांना बजावतो. एसएचपी२ प्लेटलेटच्या आतल्या निरोपातही असतं. प्लेटलेटची संख्या नेहमीची असूनही त्यांचं काम मंद असू शकतं, शिवाय काही मुलांत रक्त गोठवणारा अकरावा घटक कमी असतो. नेहमीच्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, हे दिसत नाही. दात काढणं, टॉन्सिलचं ऑपरेशन, काहीही करण्याआधी रक्त गोठण्याच्या तपासण्या आणि रक्तविकारतज्ज्ञांचा सल्ला लागतो. ताप-दुखण्यावर अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन आपल्या मनाने देऊ नका, पॅरासिटामॉल पुरे. कुठल्याही दवाखान्यात गेलात की नूनानचं नाव आधी सांगा. न विचारता सांगा.

आता ज्या शब्दाने तुमची झोप गेली तो. लहान मुलांत जेएमएमएल नावाचा एक दुर्मीळ रक्ताचा कर्करोग होतो. त्यातल्या सुमारे ३५ टक्के मुलांच्या रोगट रक्तपेशींत पीटीपीएन११चा बदल सापडतो, हे २००३ मध्ये कळलं. म्हणून नेटवर दोन्ही नावं शेजारी दिसतात. पण तिथले बदल पाहा. सर्वांत नेहमीचा ७६व्या जागेवरचा: ग्लुटामिक आम्लाच्या जागी लायसिन. ही जागा पहिल्या एसएच२ भागात, उत्प्रेरक भागाला चिकटणाऱ्या बाजूवरच आहे. ऋणभार असलेलं अमिनो आम्ल जाऊन धनभार असलेलं आलं, म्हणजे जिथे ओढ होती तिथे ढकलणं आलं. कडी सैल झालेली नाही, निखळून पडली आहे. असा जबर बदल जन्मापासून शरीराच्या प्रत्येक पेशीत असता तर गर्भ टिकणं कठीण. म्हणून तो जन्मानंतर एखाद्या रक्तपेशीत घडलेला आणि तिच्या वंशात पसरलेला दिसतो. तुमच्या मुलीतला बदल प्रत्येक पेशीत आहे, पण सौम्य आहे. जनुक एक असलं तरी कडी किती उघडते यावर सारं ठरतं.

नूनानच्या मुलांत धोका अजिबात नाही असं मात्र म्हणणार नाही. ६१व्या जागेवरचे काही बदल आणि ७३व्या जागी थ्रिओनिनऐवजी आयसोल्युसिन हा बदल, यांत तान्हेपणी जेएमएमएलसारखं चित्र दिसू शकतं: प्लीहा मोठी, पांढऱ्या पेशींत मोनोसाइट जास्त. त्यातलं बरंचसं पहिल्या वर्षाच्या आसपास दिसतं आणि पुष्कळांत आपोआप ओसरतं. ३०८चा बदल त्या खास यादीत नाही आणि मुलगी चार वर्षांची आहे. इतर बालकर्करोगांचा धोका नूनानमध्ये वाढतो. जर्मनीतल्या एका पाहणीत तो सुमारे आठपट निघाला. ‘आठपट’ वाचून छातीत धस्स होतं, पण बालपणी कर्करोग होण्याची मूळ शक्यताच इतकी लहान आहे की आठपट होऊनही ती शंभरात एक-दोनच्या घरात राहते. वर्षातून एकदा बालरोगतज्ज्ञांकडून पोट चाचपून घेणं, न बरा होणारा फिकेपणा, ताप, वजन घटणं यांकडे लक्ष देणं एवढं पुरे. दर महिन्याला रक्त काढायला लावणारा कुणी भेटला तर त्याला कारण विचारा.

इथे एक उलटा प्रकार सांगायचा मोह होतो, कारण त्याशिवाय या एन्झाइमचा स्वभाव पुरता कळत नाही. नूनानच्याच जवळचा एक आजार आहे, पूर्वी त्याला लेपर्ड म्हणत, आता ‘अनेक तिळांसह नूनान’ म्हणतात. अंगभर गडद तीळ आणि बहुतेकांत हृदयाचा स्नायू जाड. त्यातही पीटीपीएन११, पण बदल २७९ किंवा ४६८ अशा जागांवर. प्रयोगशाळेत मोजलं तर हे एन्झाइम फॉस्फेट काढायला जवळजवळ निकामी! मग कमी काम आणि जास्त काम यांतून दिसायला इतके सारखे आजार कसे? उत्तर पुन्हा कडीत आहे. या बदलांत कात्री बोथट झाली आहे, पण कडीही ढिली झाली आहे. त्यामुळे एन्झाइम गॅबसारख्या प्रथिनांवर जाऊन बसतं आणि तिथे रेंगाळतं. काही निरोप दबतात, एकेटी आणि एमटॉर या प्रथिनांची वाढीची वाट मात्र जोर धरते. उंदरांत एमटॉर दाबणाऱ्या रॅपामायसिनने जाड झालेला हृदयस्नायू पूर्ववत होऊ शकला. एन्झाइम म्हणजे नुसती कात्री नव्हे, ते कुणाशेजारी किती वेळ बसतं हेही तितकंच मोलाचं. आणखी पुढचं टोक म्हणजे मेटाकॉन्ड्रोमॅटोसिस: तिथे एका प्रतीतून एन्झाइम बनतच नाही, आणि कूर्चेच्या ज्या पेशींत दुसरी प्रतही निकामी होते तिथे हाडांवर गाठी येतात. म्हणजे कूर्चेत हेच एन्झाइम गाठी रोखण्याच्या बाजूला उभं आहे.

जंतूची गोष्ट. हेलिकोबॅक्टर पायलोरी जठराच्या पेशीला चिकटतो आणि सुईसारख्या यंत्रणेतून सीएजी-ए नावाचं आपलं प्रथिन तिच्यात सोडतो. आपल्याच पेशीतली सार्क कुळातली कायनेजं त्याच्या टायरोसिनांवर फॉस्फेट चढवतात आणि एसएचपी२ फसतं: घरचंच बोलावणं समजून त्याला जाऊन बसतं, उघडतं. २००२ मध्ये जपानमधल्या मासानोरी हाताकेयामा यांच्या गटाने हे दाखवलं. जपान, कोरिया, चीन भागातल्या जंतूंचं सीएजी-ए एसएचपी२ला पाश्चात्त्य जंतूंच्या मानाने कितीतरी घट्ट धरतं, फरक जवळपास शंभरपट, आणि तो मुख्यतः एका अमिनो आम्लाचा. त्या भागात जठराचा कर्करोग जास्त असण्याशी याचा संबंध लावला जातो. आपल्याकडे हा जंतू घरोघरी आढळतो, तरी जठराचा कर्करोग पूर्व आशियाच्या मानाने बराच कमी आहे. इथल्या बहुतेक जंतूंचं सीएजी-ए पाश्चात्त्य धाटणीचं असतं, पण एवढ्यावरून सगळं उलगडत नाही. तुमच्या मुलीपुरतं बोलायचं तर जंतू कुठल्याही माणसाच्या साध्या एसएचपी२लाच फसवतो. त्यासाठी जनुकात बदल लागत नाही, आणि तिच्या बदलामुळे तिची वेगळी पोटतपासणी करायची गरज नाही.

औषधांकडे वळू. कात्रीच्या तोंडातच अडकेल असं औषध शोधण्यात अनेक वर्षं वाया गेली. सगळ्या फॉस्फेटेजांची तोंडं सारखी, शिवाय तिथे बसणारे रेणू इतके भारित की पेशीच्या पडद्यातून आत जात नाहीत. या एन्झाइमवर औषध होणारच नाही असं मानणारे पुष्कळ होते. २०१६ मध्ये नोव्हार्टिसच्या शास्त्रज्ञांनी एसएचपी०९९ हा रेणू प्रसिद्ध केला. तो तोंडात जातच नाही. दोन्ही एसएच२ भाग आणि उत्प्रेरक भाग जिथे भेटतात तिथल्या एका बोगद्यासारख्या खाचेत बसतो आणि बंद कडी बंदच ठेवतो. त्याच्या वाटेने आलेले टीएनओ१५५ आणि इतर रेणू रुग्णांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचले. वापर मुख्यतः फुफ्फुस, आतडं यांच्या मोठ्यांतल्या कर्करोगात, केआरएएस (रासचंच एक रूप) रोखणाऱ्या औषधांच्या जोडीला. कारण केआरएएस दाबलं की पेशी ग्राहींवरून दुसरा निरोप पाठवू लागते, आणि तो निरोप एसएचपी२वरून जातो. दोन्ही वाटा एकदम अडवायच्या, असा हिशेब.

यातली गंमत बघा. ज्या ७६च्या बदलाने रक्ताचा कर्करोग होतो, त्याच्यावर हे औषध जवळजवळ चालत नाही. निखळलेली कडी बंद ठेवायला ती आधी बंद व्हायला तर हवी! तुमच्या मुलीच्या सैल कडीवर ते कागदोपत्री चालू शकेल. तरीही मी ते सुचवणार नाही. उंदरात हे जनुक पूर्ण काढलं तर भ्रूण गर्भाशयात रुजण्याच्या सुमारासच संपतो, इतकं ते मूलभूत आहे. मोठ्या रुग्णांत या औषधांनी पायांना सूज, जुलाब, प्लेटलेट कमी होणं असे त्रास दिसले आहेत. तिचे प्लेटलेट आधीच मंद असू शकतात. वाढत्या वयाच्या, धावत्या-खेळत्या मुलीचं नेहमीचं एसएचपी२सुद्धा वर्षानुवर्षं दाबून ठेवायचं, तेही सौम्य झडपेसाठी, हा सौदा तोट्याचा आहे. नूनानमध्ये जिथे निरोप दाबणारं औषध देऊन पाहिलं गेलं, ते मेक रोखणारं ट्रॅमेटिनिब, आणि तेही मुख्यतः राफ१ किंवा आरआयटी१मध्ये बदल असलेल्या, हृदयस्नायू जाड होऊन जिवावर बेतलेल्या तान्ह्या बाळांत. तिची परिस्थिती त्याच्या जवळपासही नाही. आणि ‘एन्झाइम संतुलित करणाऱ्या’ चूर्णाची जी जाहिरात तुम्ही पाठवलीत, तिच्यात एसएचपी२चं नाव घातलेलं आहे एवढंच. पैसे वाचवा.

शेवटचा प्रश्न, जो तुम्ही सगळ्यात खाली लिहिलात पण बहुधा सगळ्यात जड आहे: घरात विचारतात, हे कुणाकडून आलं, आणि दुसरं मूल होऊ द्यावं का. नूनान काही घरांत पालकाकडून येतो. त्या पालकाला स्वतःला कधी निदान झालेलंच नसतं, उंची जरा कमी, मान जरा रुंद, बस. तसं असेल तर पुढच्या प्रत्येक गर्भात शक्यता निम्मी. पण पुष्कळदा बदल नव्याने घडलेला असतो. नव्याने घडलेले हे बदल बहुतेक वडिलांच्या शुक्रपेशींत घडतात. यात वडिलांची चूक शोधू नका. २०१३ मध्ये नेमक्या याच ३०८च्या बदलावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निरोगी पुरुषांच्या वृषणाचे छोटे तुकडे तपासल्यावर हा बदल असलेल्या पेशी विखुरलेल्या नव्हे, तर पुंजक्यांनी सापडल्या, आणि वयाबरोबर वाढत गेलेल्या. बदल झालेली मूळ पेशी शेजारच्या पेशींपेक्षा थोडी जास्त टिकते, थोडी जास्त वाढते. कारण तेच, सैल कडी. हे सगळ्याच पुरुषांत होतं. सवयी, व्यसनं, ग्रह, गरोदरपणातलं खाणंपिणं यांचा त्याच्याशी संबंध नाही. सासूबाईंना हा परिच्छेद जसाच्या तसा वाचून दाखवा, माझी हरकत नाही.

आता करायचं काय ते सांगतो. तुमची आणि यजमानांची, फक्त या एका जागेची तपासणी करून घ्या. संपूर्ण जनुकसंच पुन्हा तपासायची गरज नाही आणि खर्चही त्यामुळे बराच कमी येतो. लॅबला मुलीचा रिपोर्ट द्या, म्हणजे कुठे बघायचं ते त्यांना कळेल. दोघांतही बदल नसेल तर पुढच्या मुलात तो येण्याची शक्यता शेकड्याला एकच्या आसपास किंवा त्याहून कमी. शून्य नव्हे, कारण वर सांगितले तसे पुंजके. हवं असल्यास पुढच्या गरोदरपणात अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा नमुना घेऊन पाहता येतं. दोघांपैकी एकात बदल निघाला तर त्या पालकाचाही इको आणि रक्त गोठण्याच्या तपासण्या करायच्या, मग पुढचं बोलू. रिपोर्ट यायला काही आठवडे लागतात. तोवर तिची डोळ्यांची आणि कानांची तपासणी, आणि मूत्रपिंडांची एकदा सोनोग्राफी झालेली नसेल तर उरकून घ्या. शाळेच्या दाखल्याबरोबर एक चिठ्ठी द्या: हृदयाची झडप सौम्य अरुंद आहे, खेळायला हरकत नाही, दुखापतीनंतर रक्त थांबलं नाही तर ताबडतोब फोन करा. चिठ्ठीवर हृदयतज्ज्ञांची सही असेल तर शाळा ऐकते.